निरंक

"तू आणखी कुठं कुठं फॉर्म भरलेत?" अनघाने विचारलं, तेव्हा आमची ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

कॉलेजच्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही एका बाकावर बसलो होतो. माझ्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला ही नागपूरची अनघा पांढरीपांडे, आणि बाकाला लागूनच ती खोली. तिचं दार उघडंच होतं, नुसता हिरवा पडदा सोडलेला होता. आत मुलाखती चालू होत्या.

मी आईकडे पाहिलं. मांडीवरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरून ती समोरच्या कडुनिंबाकडे बघत होती.

"कुठंच नाही," मी म्हणाले.

"कुठंच नाही?" अनघाचे डोळे मोठे झाले. "मी सात ठिकाणी भरलेत बाई. आत विचारतातच म्हणे. मागच्या वर्षी एकीनं खरं सांगितलं तर तिला घेतलं नाही, आणि दुसरीनं खोटं सांगितलं तर तिलाही घेतलं नाही."

"मग काय सांगायचं?"

"तेच तर कळत नाही," ती म्हणाली आणि आपल्या वडिलांना विचारायला उठून गेली. तिचे वडील डॉक्टर होते. तिला विचारायला माणूस होतं.

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या जुलैमधली. मी उज्ज्वला ढोके, वय सतरा, नुकतीच बारावी झालेली. कॉलेज मेडिकलचं, एका ट्रस्टचं होतं, त्याचं नाव सांगत नाही. त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असे आणि परीक्षेत वर आलेल्यांना मुलाखतीला बोलावत. आमच्या गावातून त्या मुलाखतीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. बाबा गावातल्या शाळेचे हेडमास्तर, त्यामुळे ही बातमी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला सांगून झाली होती.

फॉर्म बाबांनीच भरला होता. त्यात एक रकाना होता : 'अन्य संस्थांकडे केलेले अर्ज'. बाबांनी त्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'निरंक'. शाळेच्या तक्त्यांत जिथे सांगण्यासारखं काही नसे तिथे ते हाच शब्द लिहीत. मला म्हणाले, "विचारलं तरी हेच सांगाचं. दुसरीकडं अर्ज केला म्हटलं की त्याहिले वाटते, पोरीचं मन इथं नाही."

आमचे फिजिक्सचे ठोसर सर नेमकं उलट बोलले. "खरं सांग. ते लोक चौकशी करतात."

खरं असं होतं की मी तीन ठिकाणी अर्ज केले होते. एक इथे. एक सरकारी मेडिकलला. तिथे माझे मार्क कमी पडणार हे दिसतच होतं. आणि तिसरा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सिंगच्या शाळेला. तो फॉर्म आईने आणला, तिनेच भरला, मी सही केली. तिथे नुसत्या मार्कांवर निवडही झाली होती. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हा, असं पत्र आलेलं होतं. आज शुक्रवार होता, आणि ते पत्र आईच्या मांडीवरच्या पिशवीत होतं.

आई अठरा वर्षांपासून आमच्या आरोग्य उपकेंद्रावर नर्स होती. आजूबाजूच्या सहा गावांत तिला सगळे नर्सबाई म्हणत. पत्र आलं त्या दिवशी बाबांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "नर्स म्हणजे काय, दुसऱ्यानं सांगतलेलं कराचं. माझी पोरगी सांगणारी होईन." आई चुलीपुढे बसली होती. तिने तव्यावरची भाकर उलटली.  मग पत्र उचलून तिने आपल्या पिशवीत ठेवलं.

मला स्वतःला काय व्हायचं होतं, ते मला नीट ठाऊक नव्हतं. बाबा डॉक्टर म्हणाले की डॉक्टर व्हावंसं वाटे. आईबरोबर एखाद्या बाळंतिणीकडे गेले की वाटे, हेच बरं आहे. मी कुणाला हे बोलले नाही, कारण कुणी विचारलंही नाही.

"उज्ज्वला ढोके!" शिपायाने हाक मारली.

आईने माझ्या खांद्यावरचा ओढणीचा काठ सारखा केला. "घाबरू नको," एवढंच म्हणाली.

आत टेबलापलीकडे तिघं होती. मधे डॉक्टर सबनीसबाई, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांच्या उजवीकडे हर्डीकर नावाचे किडकिडीत सर्जन. डावीकडे खादीचा सदरा घातलेले एक ट्रस्टी, त्यांना सगळे बापूसाहेब म्हणत होते. टेबलाच्या टोकाला एक कारकून रजिस्टर उघडून बसला होता.

आधी बेडकाच्या हृदयाबद्दल विचारलं. ते मला येत होतं. मग गावात पाणी कुठून येतं, शाळेत किती मुली आहेत, असं काहीबाही झालं. मी जरा सैलावले. तेवढ्यात सबनीसबाईंनी फॉर्म उलटला.

"आणखी कुठे अर्ज केलाय?"

समोर फॉर्म होता आणि त्यात बाबांचं अक्षर होतं. आता वेगळं सांगितलं तर बाबा खोटे पडणार. तेच सांगितलं तर मी खोटी.

"कुठंच नाही," मी म्हणाले.

"सरकारी मेडिकललासुद्धा नाही?" हर्डीकरांनी मान वर केली.

"नाही सर."

"आणि इथे मिळालं नाही तर?"

"पुढच्या वर्षी पुन्हा बसेन."

"तेव्हाही नाही मिळालं तर?"

 याचं उत्तर बाबांनी शिकवलं नव्हतं.

सबनीसबाई फॉर्म वाचत होत्या. "आई परिचारिका आहे तुझी. मग नर्सिंगचा विचार नाही केलास?"

"नाही."

"का बरं?"

का, ते मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं. डोक्यात काहीच उरलं नव्हतं. होतं ते फक्त बाबांचं वाक्य. तेच तोंडातून बाहेर पडलं, तेही मोठ्या आवाजात. "नर्स म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं करायचं. मला सांगणारं व्हायचंय."

हर्डीकर किंचित हसले. बापूसाहेबांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, मला कळलं नाही. सबनीसबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"सोबत कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"आई."

"बोलाव त्यांना."

पालकांना दोन मिनिटं बोलवायची त्या कॉलेजची पद्धतच होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र वाटलं, आपलं खोटं पकडलं. शिपायाने पडदा बाजूला केला आणि आई आत आली. गुलबक्षी काठाचं पांढरं लुगडं, पायांत चपला, काखेत पिशवी. तिने नमस्कार केला आणि सांगितल्यावर खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"किती वर्षं झाली नोकरीला?" सबनीसबाईंनी विचारलं.

"अठरा."

"वर्षाला किती बाळंतपणं होतात तुमच्या हातून?"

"साठ-सत्तर. रस्ता खराब असला की जास्त. पुढं नेता येत नाही म्हणून."

आई शुद्ध बोलत होती, एकेक शब्द तोलून. मी जमिनीकडे बघत होते.

"बरं. मुलीनं आणखी कुठे अर्ज केलेत?"

मला वाटलं, आई मला विचारेल, निदान माझ्याकडे बघेल तरी. तिने बघितलं नाही.

"तीन ठिकाणी," ती म्हणाली. "इथं, सरकारी मेडिकलला, आणि नर्सिंगला. नर्सिंगला नंबर लागलेला आहे. सोमवारी हजर व्हायचं आहे." मग तिने शांतपणे पिशवीत हात घातला, घडी केलेलं पत्र काढलं आणि टेबलावर सबनीसबाईंसमोर ठेवलं.

 पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.

बापूसाहेबांनी पत्र उचलून वाचलं. "बाई, मुलगी तर म्हणते कुठंच नाही."

आता आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मी कसं सांगणार? ती बराच वेळ बघत राहिली. निदान मला तो वेळ बराच वाटला.

"तिला ठाऊक नाही," आई म्हणाली.

"काय ठाऊक नाही?"

"बाकीचे दोन्ही फॉर्म मी परस्पर भरले. तिला सांगितलं नाही."

"आणि सही?"

"मीच केली."

आईला खोटं बोलताना मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. लसीच्या नोंदीत एक आकडा इकडचा तिकडे करायला सांगितला म्हणून ती वरच्या साहेबाशी भांडलेली होती. आणि आता तीन मोठ्या माणसांसमोर, सरकारी नोकरीत असताना, मुलीची खोटी सही केली म्हणून सांगत होती.

"हे बरोबर नाही," बापूसाहेब म्हणाले. "सरकारी नोकर ना तुम्ही?"

"हो."

सबनीसबाईंनी चष्मा काढला. "उज्ज्वला, आई म्हणतात ते खरं?"

नाही म्हटलं तर आधीची सगळी उत्तरं खोटी. हो म्हटलं तर आई गुन्हेगार. मला इतकंच समजत होतं की माझं उत्तर आईच्या विरुद्ध जाता कामा नये. पण आईच्या विरुद्ध म्हणजे नेमकं कोणतं, हो की नाही, तेच कळेना. सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले.

आईने टेबलावरचं पत्र उचललं, होती त्याच घडीवर दुमडलं आणि पिशवीत ठेवलं.

"चला, म्हणजे मुलीचं नुकसान तर नाही," बापूसाहेब म्हणाले. "एक जागा हातात आहेच."

त्यानंतर दोघींना जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर माझी चप्पल सुटली होती म्हणून मी बाकावर बसले. पट्टा लावत असताना आतून अनघाचा आवाज ऐकू आला. "सात ठिकाणी मॅडम. सरकारी, पुणं, बेळगाव…" आणि तिघांचं हसणं. शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. बाक पडद्यापासून हातभर लांब होता.

पट्टा माझ्या हातातच राहिला. म्हणजे आईने सगळं ऐकलं होतं. मी 'कुठंच नाही' म्हणाले ते ऐकलं होतं. नर्सबद्दल बोलले तेही ऐकलं होतं. मी काय उत्तर दिलंय हे पक्कं ठाऊक असताना ती आत आली, आणि तिने तीन ठिकाणं सांगितली, वर पत्र काढून दाखवलं. मग मला वाचवायला खोटंही बोलली. खरं का सांगितलं आणि खोटं का सांगितलं, या दोन्हींचा मला मेळ लागेना.

यादी चार वाजता लागणार होती. तोवर आम्ही बसस्टँडवर जाऊन बसलो. आईने डबा उघडला. पोळी आणि ठेचा.

"आई," मी म्हटलं, "तू काहून सांगतलं?"

"काय?"

"ते… तीन ठिकाणचं."

तिने पोळीचा तुकडा मोडला. "खाऊन घे. मंग यादी पाहाले जाचं आहे."

"आई, सांग ना."

"पाणी आणतो मी," म्हणून ती तांब्या घेऊन उठली. नळावर बरीच गर्दी होती. ती सावकाश, सगळ्यांच्या मागे, उभी राहिली.

चार वाजता यादी लागली. साठ नावांत माझं नव्हतं. प्रतीक्षा यादीत एकोणिसावं होतं. अनघाचं नाव मुख्य यादीत होतं. तिने माझा हात धरून काहीतरी म्हटलं, मी मान हलवली. परतीच्या बसमध्ये आई आणि मी शेजारी बसलो.  घरी बाबांनी विचारलं, "निरंकच सांगतलं ना?" मी म्हटलं, हो. आई आत निघून गेली.

सोमवारी दहा वाजता मी नर्सिंगच्या शाळेत हजर झाले. आईच सोडायला आली होती. प्रतीक्षा यादीतले अकरा जण पुढे आत गेले म्हणे; एकोणीसपर्यंत ती सरकली नाही.

नर्सिंग मला आवडलं. उगाच मन मोठं करून सांगत नाही, खरंच आवडलं. पण त्या शुक्रवारचं काही केल्या सुटेना. बापूसाहेबांचं ते 'एक जागा हातात आहेच' कानात बसलं होतं. पत्र आईने दाखवलं नसतं तर? की मी खोटं बोलले हे त्यांनी ओळखलं, म्हणून? माझ्यामुळे गेलं की आईमुळे? आईवर राग आला की 'हो' म्हणतानाचा माझा आवाज आठवे आणि राग गिळावा लागे. आम्ही दोघी आयुष्यभर एकाच कामातल्या, औषधांबद्दल, रोग्यांबद्दल तासन्‌तास बोलायचो. त्या दिवसाबद्दल एक अक्षरही नाही.

चोवीस वर्षं गेली. मी एका मोठ्या दवाखान्यात हाडांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. एक दिवस खुब्याचं हाड मोडलेल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. पेपरावर नाव वाचलं आणि चेहऱ्याकडे पाहिलं. अंबाडा आता उरला नव्हता, केस बारीक कापलेले होते. पण चष्मा नाकाच्या शेंड्यावरच होता.

चार दिवस मी काही बोलले नाही. पाचव्या दिवशी पाठ पुसता पुसता म्हणाले, "मॅडम, चौऱ्याऐंशीला मी तुमच्यासमोर मुलाखतीला आले होते."

"हो का? नाही आठवत गं." त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "किती मुलं यायची."

"माझ्या आईनं पत्र दाखवलं होतं. नर्सिंगचं."

त्यांनी आठवून पाहिलं. मान हलवली. नाही.

"तुम्ही विचारलं होतं, आणखी कुठे अर्ज केलाय म्हणून. आम्ही दोघींनी दोन उत्तरं दिली. मला आजवर कळलं नाही मॅडम, काय सांगायला हवं होतं?"

"तो प्रश्न?" सबनीसबाई हसल्या आणि कळ आली म्हणून थांबल्या. "अगं, तो प्रश्न कारकुनासाठी असायचा. सरकारी यादी लागली की आमची दहा-बारा मुलं सोडून जायची. प्रतीक्षा यादी किती लांब लावायची, त्याचा अंदाज हवा असे त्याला. सगळ्यांना विचारायचो. त्याला मार्क नव्हते."

"आणि बापूसाहेब? ते म्हणाले, एक जागा हातात आहेच…"

"बापूसाहेब पुष्कळ बोलायचे. मार्क मी आणि हर्डीकर देत असू. तेही दहापैकी, सगळ्यांना सहा नाही तर सात. नाव लागलं नसेल तर लेखी परीक्षेतच मागे पडली असशील." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं हे धरून बसलीस?"

मी टॉवेल पिळला आणि दुसरी बाजू पुसायला घेतली.

त्या रविवारी मी गावी गेले. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. आई अंगणात सुपात तुरीच्या शेंगा घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, सबनीसबाई जसं बोलल्या तसं.

आईचे हात थांबले. "म्हणजे आपल्या त्या बोलण्याचा काहीच उपेग नव्हता?"

"काहीच नाही."

"मी पत्र दाखोलं, त्याचाबी नाही?"

"नाही."

तिने सुपातला कचरा बाजूला केला. मग म्हणाली, "मले वाटे, मीच तुले पाडलं."

"मले वाटे, मी खोटं बोलली म्हणून."

"तसं नाही वं. मले पाडाचंच होतं तुले." आईने मान वर केली. "तू आत बोलली ते मले समदं आयकू आलं. नर्स म्हणजे काय ते. तुह्या बापानं म्हटलं तवा काही नाही वाटलं, तो माणूस तसाच. पण तू माह्यासंगं बाळंतिणीच्या घरी येत होती. तुनं पाह्यलं होतं मले. अंगाचा असा भडका झाला! म्हटलं, दाखवतोच हिले आता. पत्र मी मुद्दाम काढलं."

मी सुपातली एक शेंग उचलून हातात धरली.

"मंग तुह्यं तोंड पाह्यलं," ती म्हणाली. "अन् समदं गेलं. तोंडात आलं ते बोलून टाकलं, मीच सही केली म्हणून."

"आणि मी हो म्हटलं."

"हो म्हटलं तू."

"त्याचा राग आला?"

"आला ना." आईने एक शेंग उचलली, सोलली, दाणे सुपात टाकले. "लय वर्सं आला. पण आधी मीच तुले पाडाले निघाली होती, मंग कोणत्या तोंडानं बोलू? म्हणून गप बसली."

शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता. बातम्या चालू होत्या. मला आईचा हात धरायचा होता, पण तिचे दोन्ही हात कामात होते.

"आई, चुकलं माह्यं," मी म्हणाले.

"माह्यंबी," ती म्हणाली. तिने सूप माझ्याकडे सरकवलं. "पण हे तर सांग. दुसरं काहीच कारण नव्हतं, तर तुह्या अभ्यासातच कमी पडलं म्हणाचं?"

"हो."

"अन् मी तवा माही नोकरी डावावर लावली!" आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिचं पाहून मीही.